एक मात्रा आधी

रविवार उजाडला आणि घरात बुटांवरून रण माजलं. दादाला डावा बूट सापडेना, वहिनीच्या बुटांना चिखल, आणि दादाच्या पोरीने दोन पायांत दोन रंगांचे मोजे चढवलेले. पप्पा असते तर असं झालं नसतं. शनिवारी संध्याकाळी अख्ख्या घराचे बूट पॉलिश करून दारापाशी ओळीने मांडायचे, हे काम त्यांनी लग्न झाल्यापासून दुसऱ्या कोणाला करू दिलं नव्हतं. सगळ्या बुटांची तोंडं दाराकडे, म्हणजे रविवारी पाय घातला की निघालं. ते जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी बूट स्वतःचे स्वतः पॉलिश करायचे असतात हे त्या घरात अजून कोणाच्या अंगवळणी पडलं नव्हतं.

"आज तरी वेळेत निघा रे," मधली दारातून म्हणाली. मधली म्हणजे तिघा भावंडांतली मधली. तिलाही बारशाचं नाव होतं, पण शाळा सुटल्यावर ते कोणी वापरलं नाही. घरी मधली, गल्लीत मधली, आणि चर्चमध्ये ती ऑर्गनवर बसली की तिथेही मधलीच. "आज रेडिओ आहे, दादा."

आज रेडिओ आहे, हे वाक्य गेला महिनाभर त्या घरात मिठापेक्षा जास्त वापरलं गेलं होतं. दर रविवारी सकाळी रेडिओवर कुठल्या ना कुठल्या चर्चची उपासना थेट ऐकवत. मोठमोठ्या चर्चची, जिथे गायकांना एकसारखे झगे असतात आणि ऑर्गनच्या नळ्या छताला टेकतात. आपलं हे शेवटच्या बस थांब्यामागचं चर्च, ज्याचं दार ओढून घेतल्याशिवाय बंद होत नाही, ते रेडिओवर लागावं ही पप्पांची आयुष्यभराची हौस होती. ती आज पुरी होणार होती, आणि ऑर्गनवर त्यांची लेक बसणार होती. मधलीला पहाटेपासून मधूनच हसू फुटत होतं.

आई तेवढी शांत. ती केव्हाच तयार होऊन खुर्चीत बसली होती, हातात गीतांचं पुस्तक, चेहऱ्यावर काही नाही. "तो डावा बूट पलंगाखाली आहे," ती दादाला म्हणाली, "आणि पोरीचे मोजे राहू देत. रेडिओवर दिसत नाहीत."

पप्पा बस चालवत. शेवटच्या थांब्यापासून गावाच्या मधल्या चौकापर्यंत आणि चौकापासून परत, केस काळे होते तेव्हापासून पांढरे होईपर्यंत, तोच रस्ता. सगळी वस्ती त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायची. दोन गोष्टींसाठी त्यांची ख्याती होती. एक म्हणजे, बसच्या आरशात कोणी पळत येताना दिसलं तर ते गाडी हलवत नसत. मागून कंडक्टरकाका घंटी मारून मारून थकत, दोरी तुटायची वेळ येई, पण ड्रायव्हरकाका आपले आरशात बघत बसलेले.

"अहो, निघायचं का आज?" कंडक्टरकाका ओरडत.

"एक माणूस येतोय."

"तुमचा तो एक माणूस रोज येतो."

"मग त्याला रोज घ्यायला नको?"

दुसरी ख्याती याच्या बरोबर उलट. बसमध्ये कधी घाई न करणाऱ्या या माणसाला चर्चमध्ये अजिबात दम निघत नसे. रीत अशी होती की, गीत सुरू होण्याआधी ऑर्गनने एकट्याने एक ओळ वाजवायची. ओळ संपली की एक मात्रा थांबायचं, तेवढ्यात सगळ्यांनी श्वास घ्यायचा, आणि मग सगळ्यांनी एकदम तोंड उघडायचं. पप्पा ती मात्रा खात. श्वास घेणं लांबच, ऑर्गनची ओळ पुरती संपलेलीही नसे आणि तिसऱ्या बाकाच्या टोकावरून त्यांचा आवाज निघे, जाडा, मोकळा, बसच्या भोंग्याशी नातं सांगणारा. विशेषतः सकाळच्या गीताला. त्या गीताचा पहिला शब्द 'ये' असा एकाक्षरी आहे, देवाला हाक मारणारा, लांबवायचा. पप्पा तो असा लांबवत की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा मान वर करून बघत.

आणि तो 'ये' निघाला रे निघाला की शेजारी बसलेल्या आईचं कोपर त्यांच्या बरगडीत बसे.

या कोपराचा इतिहास लग्नाइतकाच जुना. लग्न त्याच चर्चमध्ये झालं. पाळकांनी विचारायला सुरुवात केली, तू हिला आपली पत्नी म्हणून, आणि एवढ्यातच नवरदेव "होय" म्हणून मोकळे झाले. पाळकांचा अर्धा प्रश्न तोंडातच राहिला. सगळं चर्च हसलं. नवरीने मान खाली घातलेलीच ठेवली आणि हातातल्या फुलांच्या आडून नवऱ्याला पहिलं कोपर मारलं. पाळकांनी प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारला. नवरदेवांनी पुन्हा मध्येच उत्तर दिलं, आणि दुसरं कोपरही खाल्लं. तेव्हापासून दर रविवारी हा कार्यक्रम चालू होता आणि दोघांपैकी एकानेही त्यात बदल केला नाही.

आई स्वतः चर्चमध्ये गात नसे. ओठ हलत, आवाज येत नसे. कोणी विचारलं तर म्हणे, "एका घराला एक भोंगा पुरतो." स्वयंपाकघरात नळ सोडला की त्या आवाजाखाली ती काहीतरी गुणगुणे, आणि नळ बंद झाला की तिचं तोंडही बंद. आपल्या आईचा गाण्याचा आवाज कसा आहे हे तिच्या तिन्ही मुलांना ठाऊक नव्हतं.

घरात पप्पांची प्रार्थनाही अशीच भरघोस असे. रात्रीचं जेवण वाढून झालं की सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि पप्पांनी बोलायचं. अन्नाबद्दल आभार मानायला त्यांना एक श्वास लागे. त्यानंतर बस सुरू होई. देवा, निळ्या छत्रीवाल्या बाईंचा गुडघा बरा कर. देवा, चौकात उतरणाऱ्या त्या मास्तरांच्या मुलाला काम लागू दे. देवा, पिशवी विसरून गेलेल्या आजीला तिची पिशवी मिळू दे, ती माझ्या सीटखाली आहे. ताटातलं सगळं गार होई. धाकटी एक डोळा उघडून बटाट्याकडे बघत राही. आणि सगळ्यात शेवटी, कधी न चुकता, "देवा, पळत्याला वेळेवर जाग येऊ दे. आमेन."

पळत्या हा त्या घराचा न बघितलेला पाहुणा. रेडिओ केंद्रात नव्याने लागलेला एक तरुण होता, रोज सकाळी बस सुटायच्या वेळेला गल्लीच्या तोंडाशी दिसायचा, पळत. एका हातात डबा, कधी एक बूट पायात आणि एक काखेत. पप्पा त्याच्यासाठी थांबत. तो धापा टाकत चढला की आरशातून त्याला म्हणत, "या साहेब. आणि आमच्या चर्चला कधी येताय तुमचा रेडिओ घेऊन?" तो हसून म्हणे, "येणार काका, नक्की येणार." हे वर्षानुवर्षं चाललं. पळत्याचं लग्न झालं, त्याला बढती मिळाली, पोट सुटलं, पण पळणं काही सुटलं नाही. पप्पा निवृत्त झाले तरी प्रार्थनेत त्याची जागा कायम राहिली.

मधली ऑर्गन शिकली तीही पप्पांच्याच हट्टाने. पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन, वाजवणाऱ्याची पाठ लोकांकडे. पहिल्याच महिन्यात तिने तक्रार केली की मागे काय चाललंय ते कळत नाही. पप्पांनी पुढच्या शनिवारी डेपोतून मोडीत निघालेल्या एका बसचा आरसा आणला, त्याला भिंतीत दोन खिळे ठोकले, आणि ऑर्गनच्या वर असा तिरपा बसवला की तिसरा बाक बरोबर मध्यावर यावा. "आता बघ," ते म्हणाले, "मागचा माणूस दिसल्याशिवाय गाडी काढायची नाही."

त्या आरशात तिला पहिली गोष्ट दिसली ती पप्पांचं उघडं तोंड, एक मात्रा आधी. तिची बोटं घसरली, ओळ हरवली, आणि घरी आल्यावर ती धुसफुसत रडली. पप्पांना फार वाईट वाटलं. पुढच्या रविवारी त्यांनी पेपरमिंटची गोळी तोंडात धरली आणि शपथ घेतल्यासारखे गप्प बसले. मधलीने ओळ वाजवली, मात्रा सोडली, आणि तिच्या पाठीमागे असा काही आवाज झाला की जणू पाहुण्यांच्या घरात लोक दबकत शिरताहेत. कोणी आता सुरू झालं, कोणी मग, अर्धे तर मान वळवून ड्रायव्हरकाकांकडेच बघत बसले. कंडक्टरकाका मागच्या बाकावरून वाकून विचारू लागले, ताप आहे का. दुपारी पाळकांची बायको फळं घेऊन विचारपूस करायला आली. मधलीला तेव्हा वाटलं, लोकांचं लक्ष पप्पांनी वेधून घेतलं म्हणून घोटाळा झाला. पण पुन्हा तसं नको, म्हणून तिनेच पप्पांना मोकळीक दिली आणि आपली ओळ थोडी लवकर आवरायला शिकली.

"तुम्हाला थांबता का येत नाही, पप्पा?" तिने एकदा विचारलं होतं.

"अगं, थंड इंजिन असतं," ते म्हणाले. "घंटी झाल्यावर किल्ली फिरवली तर पहिल्या थांब्यापर्यंत गाडी नुसती खोकत जाते. कोणीतरी आधी गरम करून ठेवावी लागते."

"हे चर्च आहे. डेपो नाही."

"तेच म्हणतोय मी," पप्पा म्हणाले, आणि बुटाला ब्रश मारत बसले.

शेवटी हृदयाने दगा दिला. डॉक्टर म्हणाले होते, उन्हाळा निघेल. पप्पा हिवाळ्यातच गेले, सकाळी, चहा यायच्या आत. "तिथेही मात्रा खाल्लीच," असं कंडक्टरकाका दफनाच्या दिवशी म्हणाले, आणि म्हणता म्हणता हमसून रडले. त्या दिवशी आई रडली नाही. तिसऱ्या बाकावर ती नेहमीच्या जागी बसली आणि टोकाची जागा रिकामी राहिली. त्यानंतर तिथे कोणी बसलं नाही. कोणी सांगितलं नव्हतं, पण चर्च भरलं तरी लोक मागे उभे राहत आणि ती जागा तशीच सोडत.

आणि मग महिन्याभरापूर्वी एका संध्याकाळी दारावर थाप पडली. बाहेर पोट सुटलेला, घामाघूम झालेला एक माणूस, धापा टाकत.

"मी रेडिओतून आलोय," तो म्हणाला. "माझी बस चुकली. आता कोणी थांबत नाही ना."

मधलीने त्याच्याकडे बघितलं, त्याच्या सुटलेल्या बुटाच्या नाडीकडे बघितलं, आणि आत ओरडली, "आई, पळत्या आलाय." बिचाऱ्याला आपलं हे नाव त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. आपल्यासाठी इतकी वर्षं रोज प्रार्थना होत होती, हे कळल्यावर तर तो चहाचा कप हातात धरून नुसता बसून राहिला. ड्रायव्हरकाका गेल्याचं त्याला उशिरा कळलं होतं. सगळंच उशिरा कळतं, असं तोच म्हणाला. पण आता उपासनेचा कार्यक्रम त्याच्या हाती होता, आणि वर्षश्राद्धाला म्हणा, स्मरणाला म्हणा, त्या रविवारी रेडिओ त्यांच्याच चर्चमधून लागेल, काकांच्या आठवणीत, आणि सुरुवात सकाळच्या गीताने.

मग काय, वस्तीत उत्साहाला उधाण आलं. पाळकांनी दाराला नवी कडी बसवली. कंडक्टरकाका भेटेल त्याला सांगू लागले की रेडिओवर माझाही आवाज असणार आहे, कान देऊन ऐका. धाकटी लग्न होऊन दूर, समुद्रापलीकडे राहत होती आणि बाळ लहान म्हणून येऊ शकत नव्हती. ती फोनवर म्हणाली, मी इंटरनेटवर लावून बसते, तिकडे कितीही वाजलेले असोत.

आणि मधलीने कंबर कसली. पप्पांची हौस पुरी व्हायची तर ती नीट, ठाकठीक पुरी व्हायला हवी. मोठ्या चर्चवाल्यांनी ऐकावं आणि नाव ठेवायला जागा सापडू नये. म्हणजे सगळ्यात आधी ती मात्रा परत मिळवायला हवी. इतकी वर्षं ड्रायव्हरकाकांच्या मागे फरफटत गेलेल्या लोकांना तिने दर शनिवारी चर्चमध्ये बोलावलं आणि थांबायला शिकवलं. ओळ, मात्रा, श्वास, सुरुवात. ओळ, मात्रा, श्वास, सुरुवात. कंडक्टरकाका दोनदा घसरले, मग त्यांनीही कानाला खडा लावला. लोक शिकले. आदल्या दिवशीच्या तालमीत तर सुई टोचावी इतक्या नेमक्या जागी सगळ्यांनी तोंड उघडलं.

पळत्या कानाला हेडफोन लावून कोपऱ्यात बसला होता. त्याने हेडफोन काढले, माईक हलवून बघितले, पुन्हा लावले.

"सुरुवात अगदी बरोबर आहे," तो संकोचून म्हणाला. "पण ताई, आवाज कुठे आहे?"

आवाज खरोखरच नव्हता. इतकी माणसं, आणि गाणं असं की शेजारच्याची झोप मोडू नये. दुसऱ्या कडव्यापर्यंत कुठे जरा धग धरे, तोवर गीत संपत आलेलं असे. मधलीने तीनदा गाऊन घेतलं. तीनदा तेच, नेमकं आणि मेंगळट.

"उद्या येईल," ती म्हणाली. रात्री तिला झोप लागली नाही.

तर असा हा रविवार. बूट सापडले, मोजे राहिले, आणि अख्खं घर धावतपळत चर्चला पोचलं. चर्च ओसंडून वाहत होतं. डेपोतले ड्रायव्हर गणवेशात आले होते, निळ्या छत्रीवाल्या बाई आल्या होत्या, गुडघा घेऊन. आणि पळत्या चक्क वेळेवर आला होता. वायरी टाकत, माईक लावत तो घाईघाईने फिरत होता. एका माईकला कुठे जागा मिळेना, तेव्हा त्याला तिसऱ्या बाकाच्या टोकाला एक रिकामी जागा दिसली. ती का रिकामी आहे हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? त्याने माईकचा लोखंडी स्टँड तिथे उभा केला, अगदी आईला खेटून, आणि निघून गेला.

मधलीने ऑर्गनवर बसल्या बसल्या आरशात बघितलं. पप्पांच्या जागी तो काळा, सडपातळ दांडा उभा होता. उठून तो हलवावा असं मनात आलं, पण तेवढ्यात भिंतीवरचा लाल दिवा लागला. लाल दिवा म्हणजे आता सगळं जग ऐकतंय.

पाळकांनी चार शब्द बोलून घेतले. एक माणूस होता, तो उशीर झालेल्यांसाठी थांबायचा, एवढंच मुख्य, ते म्हणाले. मग त्यांनी मधलीकडे बघून मान हलवली.

तिने भात्यावर पाय दिला. ओळ सुरू झाली. बोटं थंड होती पण चुकत नव्हती. आरशात सगळे चेहरे तिच्या पाठीकडे लागलेले, ताठ, काळजीने ओठ आवळलेले, कंडक्टरकाकांनी तर तोंडावर हातच धरलेला. सगळे थांबणार होते. कोणी म्हणजे कोणी चुकणार नव्हतं. तिने आयुष्यभर मागितलेली ती मात्रा आता दोन सुरांवर आली होती, आणि ती रिकामी मात्रा समोर दिसताच मधलीला एकदम कळलं की आपल्याला ती नको आहे. पण आता काय उपयोग.

आणि तेवढ्यात, ओळ पुरी व्हायच्या आत, 'ये' आला.

बाईचा आवाज. चिरका म्हणावा तर नाही, गोड म्हणावा तर तोही नाही. खूप वर्षं पेटीत ठेवलेलं कापड उलगडावं तसा, घडीवर घडी उघडत गेलेला, लांब. मधलीने आरशात बघितलं. आई उभी होती. तिचं पुस्तक मिटलेलं, डोळे मिटलेले, आणि तोंड पूर्ण उघडं.

अख्ख्या चर्चमध्ये ती एकटी गात होती, चुकीच्या जागी, सगळ्या जगाच्या कानात. ऑर्गनचे दोन सूर अजून बाकी होते. ते वाजवले तर महिनाभराची मेहनत फळाला येणार होती आणि आई तिथे एकटी पडणार होती. विचार करायला वेळ होता असं नाही. मधलीच्या हातांनीच निकाल लावला. तिने ते दोन सूर सोडून दिले आणि सगळी बोटं एकदम आईच्या 'ये'खाली नेऊन ठेवली.

मग जे झालं ते सांगायला शब्द अपुरे पडतात. कंडक्टरकाकांचा तोंडावरचा हात निघाला. डेपोवाले सुटले. निळ्या छत्रीवाल्या बाई उभ्या राहिल्या. सगळं चर्च असं एका दमात पेटलं की खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि नवी कडी लावलेलं दार आपोआप उघडलं. कोणी श्वास घेतला नव्हता आणि कोणाला तो कमी पडला नाही. पळत्याने दचकून एका कानावरचा हेडफोन सरकवला आणि तसाच तोंड उघडं टाकून उभा राहिला. मधली वाजवत होती, रडत होती आणि हसतही होती, आणि भात्यावरचा पाय एकदाही थांबला नाही.

उपासना संपली तेव्हा लोक आईभोवती गोळा झाले. ती गीतांचं पुस्तक पिशवीत घालत होती आणि दुसऱ्या हाताने कोपर चोळत होती.

"आई, तू गायलीस," मधली म्हणाली.

"मग काय करू? कोणी सुरूच करेना," आई म्हणाली. "सगळे आपले तोंड मिटून उभे. ह्यांची गाडी तशीच उभी ठेवायची का?"

घरी पोचेपर्यंत धाकटीचा फोन वाजायला लागला होता. दादाने तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडून आधी नुसतं रडणंच ऐकू आलं, मागे बाळाचाही सूर लागलेला.

"मी ऐकलं," धाकटी म्हणाली. "सगळं ऐकलं. पण तुम्ही ते कसं केलंत?"

"काय कसं केलं?" दादाने विचारलं.

"अरे, ते. आधी तो 'ये' आला, एक मात्रा आधी. आणि त्याच्या मागोमाग ठक्क. मी ह्यांना म्हटलं, ऐका, आईने कोपर मारलं. माझ्या अंगावर काटा आला, दादा. मला वाटलं पप्पाच बसलेत तिथे."

मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा आईच्या कोपराकडे गेल्या. ते चांगलंच सुजलं होतं, वर निळा डागही दिसत होता. आईने बाहीने झाकायचा प्रयत्न केला, आणि पकडलं गेल्यावर माणूस जसा रागावतो तशी रागावली.

"तो 'ये' कानावर पडला की हात आपोआप जातो," ती म्हणाली. "इतक्या वर्षांची सवय. आज माझंच तोंड होतं, हे हाताला कोण सांगणार? आणि तिथे तो दांडा कोणी उभा केला होता? लोखंडाचा आहे मेला. ह्यांच्या बरगड्या बऱ्या होत्या."

एवढं बोलली आणि वर्षभरात पहिल्यांदा आई रडली, भरपूर, आवाज काढून, नळ न सोडता. वहिनीने मलम आणलं. मधली तिच्या पायाशी बसून कोपराला ते चोळत राहिली, आणि फोनवर धाकटी होती, तिने काही फोन ठेवला नाही.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी दादाने सगळ्यांचे बूट पॉलिश केले आणि तोंडं दाराकडे करून मांडले. रविवारी मधलीने ओळ वाजवायला घेतली, आरशात आईकडे बघितलं, आणि शेवटचे दोन सूर वाजवायच्या भानगडीत ती पडलीच नाही.